थरांचा क्रम आणि पाण्याचा हिशेब

मुंबईत चर्चगेटपासून पार्ल्यापर्यंत जिथे कॉलेज किंवा स्टेशन आहे, तिथे सँडविचवाला आहेच. ऑर्डर दिल्यावर आपण मोबाइलमध्ये डोकं घालतो. त्याऐवजी एकदा त्याच्या हातांकडे बघावं. ब्रेडच्या दोन स्लाइस फळीवर शेजारी शेजारी मांडल्या जातात. रुंद, बोथट सुरीने त्यांवर बटर फिरतं. ते मध्यावर फासून सोडून दिलेलं नसतं, चारी कडांपर्यंत नेलेलं असतं. बटरवर हिरवी चटणी. मग एका स्लाइसवर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या आणि चिमूटभर मसाला, त्यावर बीट, काकडी, टोमॅटो, कांदा. काकडी फळीवर चिरायची पद्धतच नाही. ती डाव्या हातात धरायची, सुरी अंगठ्याच्या दिशेने ओढायची आणि चकत्या थेट स्लाइसवर पाडायच्या. पडलेली चकती उचलून परत लावावी लागत नाही. दुसरी स्लाइस वर ठेवून दाबली, कडा कापल्या, तुकडे केले की झालं. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम.

गाडीगणिक बीट-काकडीची जागा इकडची तिकडे होते. पण बटर ब्रेडला लागून, चटणी बटरवर, बटाटा चटणीला टेकून आणि पाणीदार भाज्या मधोमध, हा सांगाडा सहसा बदलत नाही. घरी आपण नेमका हाच सांगाडा मोडतो. फ्रिजमध्ये जे असेल ते हाताला येईल तसं रचतो, आणि दहा मिनिटांनी खालची स्लाइस ओली होऊन हातात फाटते. मग सँडविच म्हणजे जेवण नव्हे, पोट भरायची वेळ मारून नेणं, असा शेरा मिळतो. तो शेरा मला मान्य नाही. नीट क्रमाने रचलेलं मुंबई सँडविच रात्रीच्या जेवणाला पानात वाढण्याच्या लायकीचं असतं, फक्त त्यातल्या पाण्याचा हिशेब चुकता कामा नये.

हिशेब साधा आहे. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं, टोमॅटोत जवळपास तेवढंच. कांद्यात ८९ टक्क्यांच्या आसपास, बीटात ८७, उकडलेल्या बटाट्यात ७७. ब्रेडमध्ये मात्र ३५ ते ४० टक्केच. शिवाय ब्रेड आतून सच्छिद्र असतो, त्यामुळे टोमॅटोतून सुटलेला रस तो लगेच शोषून घेतो. सँडविच रचताना करायचं ते एवढंच, की रस आणि ब्रेड यांची गाठ जेवण होईपर्यंत पडू द्यायची नाही. बटरपासून मसाल्यापर्यंत प्रत्येक थराची जागा यावरून ठरते.

पहिला पहारा बटरचा. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के दुधाची स्निग्धता असावी लागते, पाणी १६ टक्क्यांच्या वर चालत नाही आणि मीठ ३ टक्क्यांपर्यंत. एवढी स्निग्धता पातळ, सलग थरात पसरली की ब्रेडची छिद्रं बुजतात आणि रस आत शिरत नाही. म्हणून बटर कडेपर्यंत नेणं महत्त्वाचं, कारण कोपरा कोरडा राहिला तर सँडविच तिथूनच भिजायला लागतं. बटर मऊ हवं, वितळलेलं नको. वितळलेलं बटर, पातळ तूप किंवा तेल ब्रेडमध्ये मुरून जातं आणि वर थर उरत नाही. थेट फ्रिजमधलं कडक बटर स्लाइसच फाडतं. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी बटर बाहेर काढून ठेवावं. भाज्या धुऊन होईपर्यंत ते बरोबर हवं तसं होतं. घरचं पांढरं लोणी चवीला सुरेख, पण त्यात ताकाचा अंश आणि पाणी जास्त असतं, म्हणून या कामाला पिवळं खारं बटरच बरं.

इंग्रजांच्या दुपारच्या चहाबरोबरच्या काकडीच्या सँडविचमध्येही हीच युक्ती आहे: पातळ ब्रेड, कडेपर्यंत बटर, काकडीच्या कागदासारख्या चकत्या आणि कापून टाकलेल्या कडा. मुंबईच्या सँडविचचं त्याच्याशी नातं दिसतंच. पण मुंबईने त्यात जी भर घातली ती मूळ पदार्थाला मागे टाकणारी आहे, आणि त्या भरीत पहिला मान चटणीचा.

चटणीवर थोडं थांबायला हवं, कारण सँडविच बिघडतं ते बहुतेक वेळा इथे. डोशाबरोबरची किंवा भेळेवरची पातळ चटणी इथे चालत नाही. सँडविचची चटणी चमच्याने उचलली तर चमच्यावरून ओघळू नये इतकी घट्ट हवी. एक मध्यम जुडी कोथिंबीर कोवळ्या देठांसकट घ्यावी, कारण देठांत वास भरपूर असतो. पुदिना कोथिंबिरीच्या पाव ते एक तृतीयांश. त्याहून जास्त झाला तर चटणी कडवट लागते. चार-पाच हिरव्या मिरच्या, आल्याचा छोटा तुकडा, चमचाभर जिरं, मीठ. घट्टपणासाठी दोन चमचे फुटाण्याची डाळ, नाहीतर सँडविचच्या कापलेल्या कडांपैकी एक-दोन. या गोष्टी चटणीतलं सुटं पाणी धरून ठेवतात. कोथिंबीर धुतल्यावर फडक्यावर पसरून कोरडी करावी आणि वाटताना साध्या पाण्याऐवजी बर्फाचे दोन खडे टाकावेत. मिक्सरचं पातं फिरताना चटणी गरम होते आणि पानं चिरडली गेली की त्यांतली विकरं हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तिला काळपट करायला लागतात. थंडीत हे काम मंदावतं.

लिंबाचा आंबटपणाही त्या विकरांना आवरतो, पण त्याची दुसरी बाजू आहे. आम्ल बराच वेळ संपर्कात राहिलं तर हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवागार रंग शेवाळी होतो. आजच संपणार असेल तर लिंबू वाटतानाच पिळावं. तीन-चार दिवस फ्रिजमध्ये ठेवायची असेल तर चटणी लिंबाविना वाटावी आणि खायच्या वेळी लागेल तेवढ्या भागातच लिंबू पिळावं. चटणी बटरवर लावण्याचा आणखी एक फायदा जिभेला कळतो. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. त्यामुळे बटरच्या संगतीत तीच चटणी तिखट असूनही बोचत नाही.

बटाटा म्हणजे या इमारतीचं जोतं. तो चटणीला चिकटून बसतो, वरच्या भाज्यांना घसरू देत नाही आणि वरून आलेला थोडाफार रस स्वतःत जिरवतो. मात्र तो गार हवा. नुकत्याच उकडलेल्या बटाट्याची चकती सुरीला चिकटते, चुरा होते आणि तिची वाफ ब्रेडला ओलावते. उकडल्यावर फुगलेला स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट बांधला जातो, म्हणून सकाळी उकडून फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्याच्या संध्याकाळी पातळ, अखंड चकत्या पडतात. बटाटा सोलून न ठेवता सालासकट ठेवावा.

मसाला या बटाट्यावरच पडायला हवा. जिरं, थोडी बडीशेप, मिरी, दालचिनीचा तुकडा, दोन-तीन लवंगा हे मंद भाजून कुटायचं, त्यात आमचूर आणि काळं मीठ मिसळायचं. काळ्या मिठाला तो ओळखीचा उग्र वास गंधकाच्या संयुगांमुळे येतो आणि मुंबई सँडविचची अर्धी ओळख त्या वासात आहे. प्रश्न मीठ कुठे घालायचं याचा आहे. काकडी-टोमॅटोच्या कापलेल्या चकतीवर मीठ पडलं की परासरणाने तिच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. कोशिंबिरीला काही वेळात पाणी सुटतं ते यामुळेच. गाडीवर कांदा-टोमॅटोवरही मसाला भुरभुरतात, पण तिथलं सँडविच गिऱ्हाईक उभ्या उभ्या संपवतं. घरी चौघांसाठी करायचं, सगळे हात धुऊन येईपर्यंत थांबायचं, तर मीठ-मसाला बटाट्यावर भरपूर घालावा आणि काकडी-टोमॅटो अळणी ठेवावेत. तोंडात सगळं एकत्रच येतं, चवीत फरक पडत नाही. बटरमध्ये मीठ आहे, चटणीत आहे, हेही लक्षात ठेवून हात आखडता घ्यावा.

बीट बरेच जण वगळतात, ते मला पटत नाही. त्याची गोडी मिरचीला तोलते आणि कापलेल्या तुकड्यात तो गडद लाल पट्टा दिसला नाही तर सँडविच अपुरं वाटतं. अडचण फक्त रंगाची. बीटातली बीटालेन रंगद्रव्यं पाण्यात सहज विरघळतात, म्हणून बीट साल, शेपटी आणि देठाचा थोडा भाग ठेवून अख्खंच शिजवावं, सोलणं-चिरणं नंतर. रचताना ते बटाटा आणि काकडीच्या मधे ठेवलं की ब्रेड पांढरा राहतो. टोमॅटो पिकलेला पण कडक निवडावा, मधला बियांचा गर काढून टाकला तर रसाचा मोठा वाटा तिथेच कमी होतो. कांदा सगळ्यात शेवटी चिरावा. चिरून ठेवलेल्या कांद्यातली गंधकाची संयुगं वेळ जाईल तसा वास उग्र करतात.

आता ब्रेड. मुंबईच्या गाड्यांवर विब्सचं मोठं नाव आहे. त्याशिवाय ब्रिटानिया आणि मॉडर्न ही नावं मराठी घरांत पिढ्यांची. मॉडर्न बेकरीज ही केंद्र सरकारने १९६५ मध्ये स्थापन केलेली कंपनी होती, पुढे २००० मध्ये ती खासगी हातात गेली. कापलेला ब्रेड पाकिटात मिळणं ही सोयही फार जुनी नाही. ऑटो रोवेडर यांच्या यंत्रावर कापलेला ब्रेड अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात चिलिकॉथी गावी ७ जुलै १९२८ रोजी पहिल्यांदा विक्रीला आला. एकसारख्या जाडीच्या स्लाइस नसत्या तर गाडीवर मिनिटाला एक या वेगाने बटर लावणं जमलंच नसतं.

सँडविचला आजचा ताजा ब्रेड घेऊ नये, कालचा घ्यावा. अगदी ताजा ब्रेड सुरीखाली दबतो. मात्र तो फ्रिजमध्ये ठेवण्याची आपली सवय चुकीची आहे. ब्रेड कडक होतो तो वाळल्यामुळे, असा सर्वसाधारण समज. पण फ्रेंच शास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ मध्येच दाखवून दिलं, की ओलावा न गमावताही ब्रेड शिळा होतो आणि साधारण ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवला की पुन्हा मऊ पडतो. यामागे स्टार्च आहे. भाजताना विस्कटलेले स्टार्चचे रेणू हळूहळू पुन्हा रांगा धरतात, आणि गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानाला, म्हणजे नेमकं फ्रिजमध्ये, हे सर्वांत वेगाने घडतं. बटाट्याला जी गोष्ट उपकारक ठरते तीच ब्रेडला मारक. दोन दिवसांत संपणारा ब्रेड बाहेर झाकून ठेवावा. पावसाळ्यात बुरशीची भीती असते, तेव्हा तो सरळ फ्रीझरमध्ये टाकावा आणि स्लाइस लागतील तशा काढाव्यात.

टोस्ट सँडविचचं गणित थोडं वेगळं. कोळशाच्या शेगडीवर लांब दांड्यांचा, दोन पाळ्यांचा ॲल्युमिनियमचा टोस्टर धरतात, अधूनमधून उघडून बघतात, उलटतात. ब्रेडचा पृष्ठभाग १४० अंशांच्या वर गेला की त्यातली प्रथिनं आणि शर्करा यांच्यात ती प्रक्रिया जोमाने सुरू होते जिचं वर्णन लुई कामी मेलार्द यांनी १९१२ मध्ये केलं. तपकिरी रंग आणि खमंग वास तिच्यातून येतो. पाणी १०० अंशांना उकळतं, म्हणून पृष्ठभाग कोरडा झाल्याशिवाय हे तापमान गाठता येत नाही, आणि ओला ब्रेड टोस्टरमध्ये कितीही ठेवला तरी आधी उकडतो. आत टोमॅटोचीही वाफ होते, ती बाहेर पडायला वाट हवी. टोस्ट करायचं असेल तर काकडी-टोमॅटो निम्मे करावेत आणि बटाटा वाढवावा. टोस्टर नसेल तर तवा पुरतो. बाहेरच्या बाजूला बटर लावून मंद-मध्यम आचेवर ठेवावं, वर सपाट बुडाचं जड पातेलं, प्रत्येक बाजूला तीनेक मिनिटं. आच मोठी केली तर बाहेरून करपतं आणि आत बटाटा फ्रिजसारखाच गार राहतो. उतरवल्यावर लगेच कापू नये. मिनिटभर जाळीवर किंवा कडेवर उभं ठेवावं, ताटलीत सपाट ठेवलं तर खालच्या बाजूला वाफेचं पाणी धरतं. मग करवती दात्यांच्या सुरीने, न दाबता, मागेपुढे ओढत कापावं.

या पदार्थाचं कूळ शोधत गेलं तर तो पहिल्यापासून रात्रीच्या खाण्याचाच निघतो. सँडविचचे चौथे अर्ल जॉन माँटेग्यू जुगाराचं टेबल सोडायला नको म्हणून ब्रेडमध्ये मांस घालून खात, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ती ग्रोस्ले या फ्रेंच प्रवाशाने लंडनवर लिहिलेल्या पुस्तकातून पसरली. अर्लचे चरित्रकार रॉजर यांचं म्हणणं वेगळं आहे. नौदलाचा कारभार बघणारा हा माणूस कामाच्या टेबलावरच तसं खात असण्याची शक्यता त्यांना जास्त वाटते. आणि सँडविच या पदार्थाचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख इतिहासकार एडवर्ड गिबन यांच्या २४ नोव्हेंबर १७६२ च्या रोजनिशीत आहे. लंडनच्या कोको ट्री क्लबात रात्री बडी मंडळी लहान लहान टेबलांवर थंड मांस किंवा सँडविच खाताना त्यांनी पाहिली. म्हणजे उशीर झालेल्या माणसाचं झटपट रात्रीचं जेवण, ही त्याची ओळख अडीचशे वर्षांहून जुनी आहे. मुंबईने मांस काढलं आणि बाजारातली भाजी आत घातली. त्यातले बटाटा, टोमॅटो, मिरची मूळचे अमेरिका खंडांतले, बीट भूमध्य समुद्राकडचं, काकडी मात्र अस्सल भारतीय.

तीन स्लाइसचं सँडविच करायचं असेल तर मधल्या स्लाइसला दोन्ही बाजूंनी बटर लागतं, ती किंचित भाजून घेतली तर उत्तम. बाकी सगळं तेच.

जेवण म्हणून याची एकच उणीव खरी आहे: प्रथिनं कमी. दोन स्लाइस, बटाटा आणि भाज्या यांनी पोट भरतं पण दोन तासांनी पुन्हा भूक लागते. पनीरच्या ५० ग्रॅम चकत्यांनी सुमारे ९ ग्रॅम प्रथिनं वाढतात, एका उकडलेल्या अंड्याने ६. पनीर पुसून कोरडं करून बटाट्यावर ठेवावं. उसळीसाठी वाफवलेले मूग उरले असतील तर ते बटाट्यात कुस्करून त्याचाच थर द्यावा. हा प्रकार मुलांनाही आवडतो. चीज चवीला छान, पण बटर, चीज आणि दोन्हीकडचं मीठ असं सगळं एकत्र आलं की मसाल्यातलं काळं मीठ कमी करायला हवं. बरोबर वाटीभर टोमॅटोचं सार किंवा ताक असलं की कोणी भाजी-पोळीची आठवण काढत नाही.

झटपट व्हायचं तर तयारी सकाळी हवी. कुकरमध्ये डाळ-भात लावतानाच एका डब्यात बटाटे आणि दुसऱ्यात बीट लावावं. एकाच डब्यात लावले तर बटाटे गुलाबी होतात. बीटाला वेळ जास्त लागतो, म्हणून ते लहान आकाराचं घ्यावं. दोन्ही गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवावं. उकडलेले बटाटे मुंबईच्या उकाड्यात दिवसभर ओट्यावर राहू देऊ नयेत. चटणी रविवारी केली तर बुधवारपर्यंत चालते, मसाल्याची बाटली दोन महिने. मग संध्याकाळी उरतं ते चिरणं आणि रचणं, आणि चौघांच्या सँडविचला वीस मिनिटं पुरतात. चिरायचा क्रमही रचायच्या क्रमानेच: बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा. चकत्या सगळ्या साधारण एका जाडीच्या, दोन-तीन मिलिमीटरच्या. एखादी जाड राहिली की वरची स्लाइस तिरकी बसते आणि घास घेताना मागून सगळं बाहेर येतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला बटर कडेपर्यंत लावायचं काम द्यावं, ती मुलं ते मोठ्यांपेक्षा निगुतीने करतात.

उरलेलं सँडविच दुसऱ्या दिवशीच्या डब्यात देऊ नका. डब्यासाठी बटर, चटणी, बटाटा आणि बीट एवढंच रचून कागदात घट्ट गुंडाळा, काकडी आणि टोमॅटोच्या चकत्या वेगळ्या छोट्या डबीत द्या. खायच्या वेळी आत सरकवल्या की झालं.